धूर, विस्तव आणि गव्हाची पोळी

जळगावच्या केळी-बागायतदाराला ऐकून बरं वाटेल अशी एक गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९२४ साली न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी जाहीर केलं की, सतत जुलाब होऊन खंगलेली, हातापायांच्या काड्या झालेली आणि पोट फुगलेली मुलं केळी खाऊन सुधारतात. हासांच्या आहारात भरपूर केळी होती. पाव, बिस्किटं, बटाटे आणि धान्यं बंद होती. मुलं खरोखरच सुधारली. काही तर मरणाच्या दारातून परत आली. पुढची पंचवीस-तीस वर्षं अमेरिकेत हा केळ्यांचा आहार म्हणजे रामबाण उपाय मानला गेला. या मुलांना पिष्टमय पदार्थ पचत नाहीत, केळ्यातले तेवढे पचतात, असा हासांचा समज होता.

मुलं बरी झाली हे खरं होतं. केळ्यांनी बरी झाली हे मात्र खरं नव्हतं. ताटात आलेल्या केळ्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, ताटातून उठलेल्या पावाकडे कुणाचंच गेलं नाही. पोर आता खडखडीत झालं म्हणून घरच्यांनी पुन्हा पाव सुरू केला की दुखणं परतायचं.

पावाकडे बोट दाखवलं ते हॉलंडच्या विलेम डिके या डॉक्टरांनी. त्यांना संशय महायुद्धाच्या आधीपासून होता आणि १९३०च्या दशकात त्यांनी काही मुलांचा गहू तोडूनही पाहिला होता. मग १९४४-४५चा हिवाळा आला. जर्मनांनी रसद तोडली, शहरांत पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद शिजवून खाऊ लागले. देश उपाशी मरत असताना डिकेंच्या वॉर्डातली ही मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला, मुलं पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिकेंनी उट्रेख्टला प्रबंध सादर केला आणि दोषी ठरला गहू. पुढे त्यातलं ग्लुटेन हे प्रथिन. जव आणि राय ही धान्यंही त्याच पंगतीतली. या आजाराला आज सिलिअ‍ॅक म्हणतात.

हास काही अडाणी नव्हते. डोळ्यांसमोर घडलेलं त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. चुकलं ते 'यामुळे हे' असं म्हणताना. आपल्याकडेही तसाच पेच आहे. आयुर्वेदात ग्रहणी या पोटाच्या विकारावर पर्पटी या औषधाचा कल्प देतात. त्यात रोग्याला बरेच दिवस केवळ दुधावर किंवा ताकावर ठेवून पर्पटीची मात्रा चढवत नेतात, मग उतरवत आणतात. ग्रहणीचं निदान झालेल्या एखाद्याला मुळात सिलिअ‍ॅक असेल आणि कल्पात त्याला आराम पडला, तर श्रेय पर्पटीचं की त्या दिवसांत पोटात न गेलेल्या पोळीचं? वैद्यबुवांवर शंका घेण्याचा हा प्रश्न नाही. कारण कशावरून ठरवायचं, हा तर्कशास्त्राचा प्रश्न आहे, आणि त्यावर डोकं चालवणारी संस्था खानदेशातच, अमळनेरला, १९१६ पासून उभी आहे.

प्रताप मिलचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी बोरीकाठच्या या गिरणीच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी अमळनेरला आले ते आधी इथे तत्त्वज्ञान शिकायला. प्रताप हायस्कूलची मास्तरकी नंतरची. घनश्यामदास मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती यांच्यासारखे अभ्यासक इथे राहिले, भांडले, लिहिते झाले. इथून निघणारं इंग्रजी त्रैमासिक देशभरच्या तत्त्वज्ञांच्या टेबलावर असायचं. आज खानदेशात अमळनेर म्हटलं की लोकांना सखाराम महाराजांची यात्रा आठवते, मंगळग्रह मंदिर आठवतं. प्रमाणशास्त्राचा वाद घालायला लोक कलकत्त्याहून इथे येत होते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

तर कारण कशावरून ठरवायचं, हाच प्रश्न सिलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीतही उभा राहतो.

सिलिअ‍ॅकचा रोगी पुस्तकातल्यासारखा दारात येत नाही. जुलाब, पोटफुगी असतील तर निदान शंका तरी येते. पण कुणाची फक्त उंची खुंटते, कुणाचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या वर्षभर खाऊनही हलत नाही, कुणाची हाडं चाळिशीतच ठिसूळ होतात, कुणाला मूल होत नाही. खानदेशात फिकट पोर दिसलं की सरकारी दवाखान्याला आधी सिकलसेल आठवतो, आणि ते बरोबरच आहे. शिरपूरपासून चोपडा-यावलपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल, पावरा वस्त्यांत तो आजार आहेच. सिकलसेल नाही असं कळलं की जंत आणि जंतांनंतर 'पोर जेवत नाही' हा शेरा. सिलिअ‍ॅकची पाळी आलीच तर शेवटी येते. मग डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात: टीटीजी करून घ्या.

टीटीजी म्हणजे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज. हे आपल्याच शरीरातलं एक विकर आहे, पेशींची डागडुजी करणारं. सिलिअ‍ॅक होणाऱ्याच्या आतड्यात हे विकर गव्हाच्या प्रथिनाच्या तुकड्यांमध्ये किंचित फेरफार करतं आणि त्या बदललेल्या तुकड्यांवर रोगप्रतिकारक पेशी तुटून पडतात. त्या धुमश्चक्रीत शरीर अँटीबॉडी तयार करतं. त्यातल्या काही गव्हाविरुद्ध असतात, पण निदानाला सगळ्यात उपयोगी पडणाऱ्या अँटीबॉडी गव्हाविरुद्ध नसून आपल्याच विकराविरुद्ध असतात. १९९७ साली जर्मन संशोधकांनी हे दाखवून दिलं, तेव्हा आजाराचं रूपच पालटलं. पाहुण्याशी भांडता भांडता यजमान स्वतःच्या घरच्यांवर उठला, असा हा प्रकार.

प्रयोगशाळेत हे ओळखतात तरी कसं? तालुक्याच्या लॅबमध्ये दंडातून थोडं रक्त काढतात, नळी यंत्रात गरगर फिरवतात, वर पिवळसर सीरम सुटं होतं. ते थंड डब्यातून अनेकदा मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबकडे रवाना होतं. तिथे शहाण्णव खळग्यांची प्लास्टिकची ताटली असते, तळहाताएवढी. प्रत्येक खळग्याच्या तळाला ते विकर चिकटवलेलं असतं. त्यात रोग्याचं पातळ केलेलं सीरम घालतात, थोडा वेळ ठेवतात, मग धुऊन टाकतात. अँटीबॉडी असतील तर त्या तळाला धरून बसतात, धुतल्या जात नाहीत. त्यांना जाऊन चिकटेल असं दुसरं द्रव्य घालतात, शेवटी रंग उमटवणारं रसायन. खळगा जितका गडद तितका आकडा मोठा. याच आजारासाठी एण्डोमायसियल नावाच्या अँटीबॉडीही शोधतात; त्याची जुनी पद्धत आणखी विलक्षण आहे. त्यात माकडाच्या अन्ननलिकेच्या पातळ चकत्यांवर रोग्याचं सीरम टाकून सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक पाहत. पुढे माकडाऐवजी माणसाच्या वारेची नाळ वापरू लागले. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरातल्या माणसाचं निदान माकडाच्या घशावर होत आलं, हे बहुधा त्या घराला कधी कळलंच नसेल.

रिपोर्टवर आकडा येतो, शेजारी त्या किटची मर्यादा. घरचे विचारतात, "म्हणजे आहे का नाही?"

या प्रश्नावर न्यायशास्त्राचं पोरसुद्धा सावरून बसेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे विस्तव आहे, हे अनुमानाचं ठरलेलं उदाहरण. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त ते आहे. त्या छोट्या ग्रंथाची आठल्ये-बोडसांची आवृत्ती मुंबईत १८९७ साली निघाली आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तिच्यावरून तर्क शिकले. धुरावरून विस्तव सिद्ध होतो. पण विस्तवावरून धूर सिद्ध होत नाही, हा त्या उदाहरणाचा दुसरा अर्धा भाग परीक्षेपुरता वाचून सोडून दिला जातो. नैयायिक सांगतात की धूर निघायला विस्तवाला ओल्या सरपणाची जोड लागते. या अटीला ते उपाधी म्हणतात. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पाहा: विस्तव आहे आणि धुराचा पत्ता नाही.

अँटीबॉडी हा धूर, सिलिअ‍ॅक हा विस्तव आणि गहू हे ओलं सरपण. शंका आली, शेजारणीने सांगितलं, मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि दोन-चार महिने गहू बंद करून माणूस मग लॅबमध्ये गेला, तर तो लाल गोळा झालेला असतो. गहू सुटला की अँटीबॉडी उतरू लागतात; काही महिन्यांत कित्येकांचा आकडा मर्यादेच्या आत येतो. रिपोर्ट 'निगेटिव्ह'. घरात पेढे. आजार जागच्या जागी. म्हणून ब्रिटनमधल्या डॉक्टरांसाठीचे निर्देश सांगतात की, तपासणीआधी निदान सहा आठवडे रोज, एकाहून अधिक वेळच्या जेवणात, ग्लुटेन असलेलं अन्न पोटात गेलेलं हवं. ज्याने पोट दुखतं तेच आधी खायला लावायचं, हे क्रूर वाटतं. पण अनुमानाची अट मोडून अनुमान करता येत नाही. त्यात डॉक्टरचा हट्ट नाही, तर्काचा आहे.

निगेटिव्ह रिपोर्टने फसण्याची आणखी एक वाट आहे. नेहमीच्या तपासणीत आयजीए जातीच्या अँटीबॉडी पाहतात. काही माणसांचं शरीर आयजीए जवळजवळ बनवतच नाही, आणि सिलिअ‍ॅकच्या रोग्यांत अशी माणसं शंभरात दोन-तीन सापडतात. सर्वसाधारण लोकांपेक्षा बरीच जास्त. त्यांच्याकडे विस्तव असतो, सरपण असतं, धूरही असतो, पण आपण डोळे लावून बसलोय त्या जातीचा नसतो. म्हणून टीटीजीसोबत एकूण आयजीए मोजायचं, आणि ते नगण्य असेल तर आयजीजी जातीच्या अँटीबॉडी शोधायच्या. चिठ्ठीवर हा दुसरा शब्द नसेल तर रोग्याने विचारायला हरकत नाही.

उलट चूकही होते. दुरून धुकं दिसावं आणि माणसाने धूर समजावा, हेही नैयायिकांना ठाऊक होतं. टीटीजीची तपासणी चांगली आहे. शंभर रोग्यांपैकी पंचाण्णवांना पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी पंचाण्णवांना सोडते, असं हिशेबापुरतं धरू. आता धुळ्यातल्या दहा हजार धडधाकट लोकांची, कुठलंही लक्षण नसताना, सरसकट तपासणी केली आणि त्यांच्यात शंभर जणांना खरोखर आजार आहे असं मानलं, तर पंचाण्णव खरे रोगी सापडतील आणि उरलेल्या नऊ हजार नऊशेंमधले चारशे पंचाण्णव निरोगी लोक उगाच पकडले जातील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सहांपैकी पाच जणांना काहीच झालेलं नसेल. तीच तपासणी, तोच आकडा. पण लोहाला दाद न देणाऱ्या, उंची खुंटलेल्या मुलाच्या बाबतीत तो आकडा फार वेगळं बोलतो. पुरावा सुटा नसतो, तो कुणाविषयी आहे यावर त्याचं वजन ठरतं.

धुळ्याच्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो बखरींची झाडाझडती घेत आणि अस्सल पत्रांची बाजू मांडत. ३१ डिसेंबर १९२६ला ते धुळ्यातच वारले आणि त्यांचे कागद जपायला तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. बखरीपेक्षा कागद बरा, हा राजवाड्यांचा बाणा. रोग्याची हकीकत ही बखर आणि लॅबचा रिपोर्ट हा कागद, असं म्हणायचा मोह होतो. पण मिती नसलेला, कुणी कुणाला लिहिला हे न कळणारा अस्सल कागदही संशोधकाला गोत्यात आणतो. रिपोर्टवर तारीख असते. त्या तारखेला रोगी काय जेवत होता हे मात्र नसतं. ते बखरीतूनच काढावं लागतं, म्हणजे त्याला विचारावं लागतं.

मग अनुमान सोडून प्रत्यक्षच का पाहू नये? तशी सोय आहे. तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्याचे चार-सहा बारीक तुकडे काढतात. निरोगी आतड्याला आतून मखमलीसारखे उंचवटे असतात; सिलिअ‍ॅकमध्ये ते झिजून सपाट होतात. गेली साठ-सत्तर वर्षं हाच शेवटचा शब्द मानला जातो. गंमत अशी की, युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आधी २०१२ मध्ये आणि मग २०२० मध्ये ठरवलं की, लहान मुलाचा टीटीजी मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या नमुन्यात एण्डोमायसियल अँटीबॉडीही सापडल्या, तर पालकांशी बोलून दुर्बिणीशिवाय निदान करायला हरकत नाही. म्हणजे धूर एवढा दाट असेल तर डोंगर चढून विस्तव पाहण्याची गरज नाही. प्रत्यक्षाला अनुमानाने हटवण्याचे प्रसंग विज्ञानात फार येत नाहीत. शिवाय ते प्रत्यक्षही किती प्रत्यक्ष? तुकडा तिरका कापला गेला तर उंचवटे आखूड दिसतात, झीज ठिकठिकाणी असेल तर चांगलाच तुकडा हाती येतो, आणि जंतुसंसर्गातही आतडं सपाट दिसू शकतं. पाहणाऱ्याच्या डोळ्यामागे शेवटी कुणाचं तरी अनुमान असतंच.

जनुकांची तपासणीही याच चालीची. डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं जवळजवळ प्रत्येक सिलिअ‍ॅक रोग्यात असतात, पण ती निरोगी लोकांपैकीही सुमारे तिसऱ्या हिश्शाकडे असतात. जनुक नाही म्हणजे आजार बहुतेक नाहीच. जनुक आहे म्हणजे काहीच कळलं नाही. 'नाही' म्हणताना खणखणीत आणि 'आहे' म्हणताना मुकी, अशी ही साक्षीदार.

आता अडचणीचा प्रश्न. एका मुलीला सिलिअ‍ॅक निघाला म्हणून घरच्या सगळ्यांची तपासणी केली. आईबाप, भावंडं यांच्यात हा आजार शंभरात सात-आठ जणांना सापडतो, म्हणून तशी करायचीच असते. त्यात तिचा भाऊ पॉझिटिव्ह आला, आतडंही सपाट निघालं. तो मात्र रोज क्रिकेट खेळतो, चार पोळ्या चापतो, कुठं काही दुखत नाही. हा आजारी आहे का?

अमळनेरच्या मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी १९३३ साली एक पुस्तक लिहिलं, 'अज्ञान' नावाचं. तिघांची मतं वेगळी, विषय एकच: न कळणं ही नुसती उणीव की स्वतःच काही वस्तू? वेदान्ती म्हणतो की, घडा कळला तेव्हा तो आत्ता निर्माण झाला असं आपण मानत नाही. तो आधीही होता, पण अज्ञात होता, असंच मानतो. त्या पोराचं आतडंही असंच अज्ञात झिजत होतं. त्याला दुखत नव्हतं, पण लोह आणि कॅल्शियम कमीच शोषलं जात होतं. दुःख नाही म्हणून रोग नाही, हे म्हणणं इथे टिकत नाही. पण याच्या पुढचं घर अवघड आहे. काहींच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह असतात आणि आतडं अगदी निकोप. त्यांतल्या काहींचा आकडा पुढे आपोआप उतरतो, काहींचं आतडं कालांतराने झिजतं. अशांना गहू तोडावा की नुसती नजर ठेवावी, यावर डॉक्टरांतच एकमत नाही. तिथे अँटीबॉडी म्हणजे आजार असं म्हणणं ही घाईच होईल. खूण आणि वस्तू यांत अंतर आहे. कधी ते नगण्य असतं, कधी तेच सगळं असतं.

निदान पक्कं झालं की प्रमाणशास्त्र संपतं आणि धर्मशास्त्र सुरू होतं. कारण उपचार एकच: गहू आणि त्याच्या पंगतीतली धान्यं जन्मभर बंद. आणि खानदेशात गहू हे नुसतं धान्य नाही. लग्नाची पंगत वरण-बट्टीची, भंडारा वरण-बट्टीचा. आखाजीला खापरावरचे मांडे. सत्यनारायणाला रव्याचा शिरा. आणि श्रावणात, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई देवी बसते, तेव्हा रोट. घराघरांत रीत थोडी वेगळी असते, पण सव्वाच्या मापाने गहू घ्यायचे, त्याच्या पुरणाच्या पोळ्या करायच्या, त्या भाऊबंदांनीच खायच्या आणि पौर्णिमेच्या आत संपवायच्या, हे साधारण सारखं. सुरत-मुंबईला पोटापाण्याला गेलेली भावकी रोटांसाठी गावी येते. तो रोट खाणं म्हणजे 'मी या कुळातला' असं जेवून सांगणं. त्या पाटावर बसलेल्या मुलाने पोळी परत केली तर काय होतं? आजी अहिराणीत म्हणते, "थोडंसं खाई ले, काही व्हत नही." तिच्या मनात माया असते आणि भीतीही, देवीचा कोप होईल ही.

थोडंसं म्हणजे किती, याचं उत्तर मात्र आहे. इटलीत झालेल्या एका प्रयोगात रोज पन्नास मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यावर रोग्यांच्या आतड्यावर परिणाम दिसला. साध्या पोळीत तीनेक ग्रॅम ग्लुटेन असतं. पन्नास मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा साठावा भाग; एवढा तुकडा दोन बोटांच्या चिमटीत मावतो.

हाच प्रश्न कॅथलिक चर्चपुढे आला तेव्हा त्याचं उत्तर रोमहून आलं. प्रभुभोजनातली भाकर गव्हाचीच हवी, त्यात थोडं तरी ग्लुटेन हवं. अजिबात ग्लुटेन नसलेली भाकर चालणार नाही, कमी ग्लुटेनची चालेल, आणि तीही सोसत नसेल त्याने फक्त द्राक्षारस घ्यावा. व्हॅटिकनने २००३ मध्ये हे सांगितलं, २०१७ मध्ये पुन्हा सांगितलं. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या क्लाइडच्या मठात जोगिणी अशी अत्यल्प ग्लुटेनची भाकर तयार करतात. आपल्याकडे कानबाईचं असं मुख्यालय नाही. निकाल चुलीपाशी लागतो, घरातली थोरली बाई देते, आणि तिला रोमपेक्षा जास्त मुभा आहे. भगत किंवा गुरुजी यांना विचारलं तर तेही बहुधा तिच्याकडेच पाहतात. प्रसाद कपाळाला लावून दुसऱ्याच्या हातावर ठेवणं ही रीत आपल्याकडे पूर्वीपासून आहे. प्रसाद न खाल्ल्याने अपमान होतो आणि कपाळाला लावल्याने होत नाही, हे प्रत्येक मधुमेही आजोबांनी कधीच ठरवून टाकलंय. त्याच मापाने मुलाच्या नावचे सव्वा मूठ गहू घेतले जावेत आणि त्याची पोळी भावाने खावी. कुळाचा हिशेब चुकत नाही.

तैत्तिरीय उपनिषदात भृगूला पहिलं उत्तर सापडतं ते अन्न हेच ब्रह्म. तिथेच अन्नाची निंदा करू नये हे व्रतही सांगितलंय, आणि अन्न प्राण्यांकडून खाल्लं जातं तसं प्राण्यांना खातंही, हा विचारही आहे. अन्नाला ब्रह्म म्हणणाऱ्यांनी त्याची दुसरी बाजू झाकून ठेवली नव्हती. गहू सोडणारा मुलगा अन्नाची निंदा करत नसतो. त्याच्या ताटात अन्न असतंच, फक्त दुसरं.

आणि ते दुसरं अन्न खानदेशाला परकं नाही. दादरची भाकरी, कळण्याची भाकरी, बिबडे, फुणके, शेवभाजी, वांग्याचं भरीत: यांतल्या कशातच गहू नाही. एकादशीची भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा यांतही नाही. वारकऱ्याच्या उपासाच्या दिवशी सिलिअ‍ॅकचा रोगी बाकीच्यांच्या बरोबरीने जेवतो. भारतात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भागांत तेवीस हजारांवर प्रौढांचं रक्त तपासलेला एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सिलिअ‍ॅकच्या अँटीबॉडी उत्तरेत शंभरात १.२३ जणांकडे आढळल्या, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१०. जनुकांचं प्रमाण तिन्हीकडे फारसं वेगळं नव्हतं. गहू मात्र उत्तरेत रोज सरासरी ४५५ ग्रॅम खाल्ला जात होता आणि दक्षिणेत २५. महाराष्ट्र त्या अभ्यासात नव्हता. पण भाकरीवरून पोळीवर गेलेल्या, रेशनच्या गव्हावर दोन पिढ्या वाढलेल्या जिल्ह्यांनी त्या आकड्यांकडे काणाडोळा करू नये. दादर ज्वारी आज बहुतेकदा गव्हाहून महाग मिळते. गरिबाची भाकरी श्रीमंताची झाली आणि गहू गरिबाचा, ही उलथापालथ डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. भोगावी मात्र रोग्याच्या घराला लागते.

घरी ज्वारी आणली तरी काम संपत नाही. चक्कीवर आधीचं दळण गव्हाचं असेल तर ज्वारीच्या पिठात गहू उतरतो. घरचं जातं किंवा घरघंटी वेगळी ठेवावी. बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा असतो. वरणाला फोडणी घालताना हे कुणाच्या ध्यानात येणार? पाकिटावर 'ग्लुटेनमुक्त' लिहिण्यासाठी आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. सुट्या मालाला तो नियम कोण लावणार?

म्हणून ज्यांच्या घरात उंची खुंटलेलं मूल आहे, लोहाने न हलणारं हिमोग्लोबिन आहे किंवा वर्षानुवर्षांचे जुलाब आहेत, त्यांनी एवढं करावं. आपल्या मनाने गहू बंद करू नये. पोळी चालू असतानाच डॉक्टरला विचारून टीटीजी आणि एकूण आयजीए दोन्ही करून घ्यावं. रिपोर्ट घेऊन पोटविकारतज्ज्ञाकडे जावं आणि आपण त्या दिवसांत काय जेवत होतो ते न विचारता सांगावं. निदान पक्कं झालं तर भावंडांचं आणि आईबापांचं रक्तही तपासावं. गहू सोडायचा तो त्यानंतर, आणि मग आखाजीलाही नाही, रोटालाही नाही.